अठ्ठावीस वेळा विधुर

"आज अठ्ठावीस वेळा विधुर झालो," असं जाहीर करत ते घरात शिरायचे, कोट खुंटीला लावायचे आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे. काकू ओट्याशी पाठमोऱ्या असायच्या. वळूनही न बघता म्हणायच्या, "अहो, मी अठ्ठावीसदा मेलेय ना? मग आज चहा तुम्ही टाका."

इंग्लंडात, लेस्टरच्या त्या घरात मी साडेतीन वर्षं भाड्यानं राहिले. हा संवाद इतक्यांदा ऐकला की तो सुरू झाला की मी आपोआप माझा कप पुढे करत असे. आज त्या घरात दुसरंच कुणी राहतं, आणि त्या दोघांपैकी कुणी उरलेलं नाही. हे लिहायला घेतलंय ते माझ्या घरमालकांबद्दल. पण काकू यात येणारच. त्यांच्या प्रत्येक सीनमध्ये काकू असायच्या, फक्त कॅमेऱ्यासमोर नसायच्या.

ते नट होते. ब्रिटिश टीव्हीवर आणि सिनेमात चाळीसेक वर्षं काम केलेले. इथे ज्याला कॅरॅक्टर ॲक्टर म्हणतात तसले: चेहरा सगळ्यांना ओळखीचा वाटतो आणि नाव कुणालाच आठवत नाही. मूळचे साताऱ्याचे. कापडाचं तंत्र शिकायला इथे आले, होजिअरीच्या कारखान्यात दोन वर्षं काढली, मग एका हौशी नाटकात कुणी आयत्या वेळी आजारी पडलं म्हणून नोकराचं काम केलं आणि तिथून जे बिघडले ते बिघडलेच. पुढे ते टीव्हीवर एकोणीस वेळा आपल्या दुकानात लुटले गेले. त्यांनी टॅक्सी चालवली, मशिदीत प्रवचन दिलं, मुलीनं पळून जाऊन लग्न केलं म्हणून तिला घराबाहेर काढलं, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या चॅनलवर दुसऱ्या मुलीला. एका मोठ्या सिनेमात त्यांनी नायकाच्या हातात हॉटेलच्या खोलीची किल्ली दिली होती. किल्ली देताना त्या मॅनेजरच्या मनात काय चाललं असेल, हे ते पाऊण तास सांगू शकत. मी दोनदा ऐकलंय.

मी पहिल्याच आठवड्यात त्यांना काका म्हटलं, तर त्यांनी हात वर करून थांबवलं. "पडद्यावर आयुष्यभर काकाच झालोय. दुकानदार काका, शेजारचे काका, ट्रेनमधले काका. घरात तरी नको." मग काय म्हणायचं यावर जेवण होईपर्यंत चर्चा झाली. काकूंनी 'मास्तर' सुचवलं, कारण ते सतत कुणाला ना कुणाला शिकवत असत. ते त्यांना आवडलं. त्यांनी आवडलं म्हटलं नाही, पण दुसऱ्या दिवशी हाकेला ओ दिली.

शेजारीपाजारी मात्र त्यांना 'डॉक्टर' म्हणत. एका हॉस्पिटलच्या मालिकेत ते चार वर्षं कन्सल्टंट होते, आणि बेलग्रेव्ह रोडवरच्या आपल्या लोकांच्या दुकानांतून ते डॉक्टरपण अजून चालू होतं. भाजी घ्यायला गेलो की कुणी तरी गुडघा पुढे करायचं. मी शेजारी उभी, गळ्यात हॉस्पिटलचा बिल्ला, खरीखुरी एमबीबीएस. पण विचारायचे त्यांनाच. ते अतिशय गंभीरपणे ऐकून घ्यायचे, दोन प्रश्न विचारायचे, आणि म्हणायचे, "आमच्या सिस्टरना दाखवा." सिस्टर म्हणजे काकू. त्या मिरजेहून इथे नर्स म्हणून आलेल्या, छत्तीस वर्षं वॉर्डात काढून रिटायर झालेल्या. मास्तरांची डॉक्टरकी सगळी काकूंच्या हातांकडे बघून शिकलेली होती. हातमोजे कसे चढवायचे, नाडी बघताना घड्याळाकडे कसं बघायचं, सगळं. पहिल्या भागात त्यांनी स्टेथोस्कोप उलटा घातला होता, तर काकू सोफ्यावरून ओरडल्या होत्या, "अहो, कानात उलटा घातलाय! तो पेशंट मरेल!" पेशंट मेलाच, पण तो लेखकानं मारला होता.

त्या मालिकेचं दुःख त्यांना शेवटपर्यंत राहिलं. चार वर्षांनंतर एका सकाळी स्क्रिप्ट आलं. त्यात त्यांचं पात्र नव्हतं. दुसरीच एक बाई फायली लावता लावता म्हणते, ते? ते गेले इंडियाला परत. झालं. "मी सातारा सोडला त्याला किती वर्षं झाली," मास्तर म्हणायचे, "आणि त्या बाईनं मला एका वाक्यात परत धाडलं. ना पेशंटना निरोप, ना नर्सेसना. चार वर्षं काम करणारा माणूस असा जातो का कुठे?" हे बोलताना त्यांचा आवाज चढत नसे. उलट खाली येई, आणि मग काकू विषय बदलत.

त्यांची कला म्हणजे ऐकणं. "मी शॉटमध्ये कडेला असतो," ते म्हणत. "बोलणारा मध्ये असतो. कडेच्या माणसाला एकच काम: आपण हे पहिल्यांदा ऐकतोय असं ऐकायचं." त्याचा ते रोज सराव करत. चार वाजता चहा झाला की काकू हातात येईल तो कागद वाचायच्या. कौन्सिलचं पत्र, कचऱ्याचे डबे कुठल्या वारी बाहेर ठेवायचे त्याचा तक्ता. आणि मास्तर ते असं ऐकायचे, की हिरवा डबा आता मंगळवारऐवजी गुरुवारी, या वाक्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मला हसू आवरत नसे. काकूंना आवरायचं. त्या चष्म्यावरून बघून म्हणायच्या, "आज जरा जास्त झालं हं." ते मान डोलवायचे आणि पुन्हा एकदा करायचे, थोडं कमी.

म्हातारपणी टीव्हीची कामं आटली तेव्हा त्यांनी निराळाच उद्योग धरला. इथे मेडिकलच्या विद्यार्थ्यांना परीक्षेत पेशंटशी बोलून दाखवावं लागतं, आणि समोर पेशंट म्हणून बसलेला असतो नट. ओळीनं छोट्या खोल्या, बाहेर घंटा. घंटा झाली की विद्यार्थी आत येतो, आठ मिनिटं बोलतो, पुन्हा घंटा झाली की पुढच्या खोलीत जातो. मार्क परीक्षक देतात, पण थोडे नटाच्याही हातात असतात. मास्तरांची खोली ठरलेली होती. ते मिस्टर पटेल. त्यांची बायको वॉर्डात दाखल, तिचं हृदय अचानक बंद पडतं, ती जाते, आणि नवऱ्याला अजून पत्ता नाही. ते विद्यार्थ्यानं सांगायचं आणि मास्तरांनी ऐकायचं. दिवसाला अठ्ठावीस वेळा. त्या कामासाठी त्यांचा वेगळा चष्मा होता, तपकिरी फ्रेमचा, एक काडी सैल झालेला. न्यायाधीशाचा वेगळा, दुकानदाराचा वेगळा, आणि हा विधुराचा. बातमी ऐकली की ते तो काढायचे, हातात धरून बसायचे आणि एकच प्रश्न विचारायचे: "तिच्याजवळ कोण होतं?"

त्या प्रश्नावर मी आपटले होते. माझी त्यांची पहिली भेट तीच. नागपूरहून येऊन मला हॉस्पिटलात आठ दिवस झालेले, आणि बाहेरून आलेल्या आम्हां डॉक्टरांना सरावासाठी त्याच इमारतीत पाठवलेलं. मी आत गेले, उभ्याउभ्याच घाईघाईनं सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढला. "वॉज समवन विथ हर?" हातात दिलेल्या कागदावर तर लिहिलं होतं की ती एकटी होती, नर्स आली तेव्हा सगळं संपलेलं. पण समोरचा म्हातारा माझ्याकडे असा बघत होता, की माझ्या तोंडून निघून गेलं, हो, होती ना, नर्स होती, हात धरून बसली होती, शांतपणे गेल्या त्या. आपल्याकडे कुणी गेल्यावर घरच्यांना जे सांगतात तेच मी सांगितलं. त्यात काही चुकलं असं मला वाटलंही नाही.

घंटा झाली. त्यांनी चष्मा घातला आणि इंग्रजी सोडून एकदम मराठीत विचारलं, "नागपूर का?" मी दचकून हो म्हटलं. "दोन गोष्टी," ते म्हणाले. "एक, आधी बसायचं, मग सांगायचं. उभ्यानं सांगणारा माणूस निघायच्या तयारीत असतो, हे ऐकणाऱ्याला कळतं. आणि दुसरी. हा माणूस आज घरी जाईल. उद्या तो चॉकलेटचा डबा घेऊन वॉर्डात येईल, त्या नर्सला भेटायला, जिनं हात धरला. मग तू काय करशील?" मी हातातल्या कागदाकडे बघितलं. "खोट्याला दुसरा दिवस असतो, डॉक्टर. आणि मला कळतं. माझा जन्म खोटं बोलण्यात गेलाय." एवढं बोलून त्यांनी आपल्यापुरतं मला नापास केलं, आणि त्याच दमात विचारलं, "राहतेस कुठे?"

काकूंना हे नंतर कळलं तेव्हा त्यांनी माझी बाजू घेतली. "पोरीनं माणुसकी केली," त्या म्हणाल्या. मग भाकरी उलटता उलटता सांगू लागल्या की त्यांच्या वॉर्डात कुणी एकटं गेलं नाही आणि कोरड्या तोंडानं गेलं नाही. गोरे, काळे, आपले, कुणीही असो. कुणाचं कुणी आलेलं नसलं तर त्या स्वतः बसत आणि छोट्या स्पंजनं ओठ ओले करत. "ते गंगाजल नसेल, लेस्टरच्या नळाचं असेल. पण घातलंय." मास्तर म्हणाले, "बघ. हिला खोटं बोलावंच लागलं नाही. म्हणून ही बोलू शकते असं." यावर काकूंनी त्यांच्या ताटात सगळ्यात करपलेली भाकरी वाढली.

तो नोव्हेंबरचा गुरुवार होता. सकाळी मास्तर परीक्षेला गेले. तिथे आत शिरताना नटांचेही फोन काढून घेतात आणि कपाटात ठेवतात. साडेदहाच्या सुमाराला काकू बसस्टॉपवर कोसळल्या. कुणी तरी ॲम्ब्युलन्स बोलावली. पर्समध्ये एका चिठ्ठीवर दोन नंबर होते, एक मास्तरांचा, एक माझा. त्यांचा लागेना म्हणून मला फोन आला. त्यांना आणलं त्याच हॉस्पिटलात मी तीन मजले वर राउंडवर होते. जिन्यानं धावत खाली आले. तोपर्यंत डॉक्टरांनी हात मागे घेतले होते.

पडद्यामागे त्या होत्या. पायात एकच बूट होता, हे मला अजून दिसतं. मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि रडले, आणि रडताना मला राग येत होता, की तीन मजले उतरायला मला इतका वेळ का लागला. ॲम्ब्युलन्सवरची बाई अजून कागद भरत होती. ती म्हणाली, "शी वॉज टॉकिंग, यू नो. ट्वाइस. इन हर लँग्वेज. सॉरी लव्ह, मला नाही कळलं." काय म्हणाल्या, कसा आवाज होता, मी तिला पुन्हा पुन्हा विचारलं. तिला आठवेना. ओळखीचं कुणी नाही, आपली भाषा समजणारं कुणी नाही, तोंडात पाण्याचा थेंब नाही. ज्या बाईनं छत्तीस वर्षं इतरांना असं जाऊ दिलं नाही, ती तशीच गेली.

मग मी कार पार्क ओलांडून परीक्षेच्या इमारतीत गेले. दारातल्या बाईला सांगितलं, तिनं तोंडावर हात ठेवला आणि मला आत सोडलं. मास्तर दोन विद्यार्थ्यांच्या मधल्या मिनिटात होते. दोन खुर्च्या, टिश्यूंचा डबा, आणि ते. दार उघडल्यावर त्यांनी मिस्टर पटेलांचा चेहरा केला, मग मला ओळखलं. "तू? तुझी परीक्षा तर केव्हाच झाली."

मी बसले. खुर्ची जवळ ओढली. "काका," माझ्या तोंडून निघालं, आणि त्यांनी मला अडवलं नाही. म्हटलं, "वाईट बातमी आहे. काकूंना बसस्टॉपवर हार्ट ॲटॅक आला. इथे आणलं. खूप प्रयत्न केले. काकू गेल्या." आणि मग गप्प राहिले, कारण सांगून झाल्यावर गप्प राहायचं हेही त्यांनीच शिकवलेलं.

त्यांनी चष्मा काढला. त्या सकाळी तो त्यांनी दहा वेळा काढला असेल. हातातल्या चष्म्याकडे त्यांनी असं पाहिलं की जणू आपण हे काय करतोय, आणि तो परत घातला. मग विचारलं, "जवळ कोण होतं?"

तो एक क्षण मी जन्मभर विसरणार नाही. मला खोटं बोलता आलं असतं. मी होते म्हटलं असतं तर कोण तपासणार होतं? पण त्यांना कळतं हे मला ठाऊक होतं, आणि त्या माणसाशी त्या खुर्चीवर बसून खोटं बोलायचं म्हणजे त्यांनी शिकवलेलं सगळं त्यांच्याच तोंडावर फेकायचं, असं मला वाटलं. "ओळखीचं कुणी नव्हतं," मी म्हटलं. "मी पोचले तेव्हा उशीर झाला होता."

"तोंडात पाणी?"

"नाही."

काकू काहीतरी बोलल्या होत्या, दोनदा, आणि ते कुणाला कळलं नाही, हे मात्र मी सांगितलं नाही. ते सांगण्याचं बळ माझ्यात नव्हतं.

बाहेर घंटा झाली. दारातल्या बाईला कुणाला थांबवायचं सुचलंच नसावं, कारण दार उघडून एक गोरापान विद्यार्थी आत आला आणि पाठ केलेलं म्हणाला, "हॅलो, आर यू मिस्टर पटेल?" मास्तरांनी त्याच्याकडे अगदी नीट बघितलं. "नॉट नाऊ, डॉक्टर," ते म्हणाले. तो सॉरी म्हणून मागे झाला. त्यानं दार किती हळू लावलं, तेही मला आठवतं.

इथे दहनालाही नंबर लागतो. सतरा दिवस थांबावं लागलं. आलेल्या प्रत्येकाचं बोलणं मास्तर ऐकत होते, कडेला उभे राहून, आणि त्या चेहऱ्यावर मला काहीच दिसत नव्हतं. नंतर घरात चारच्या चहाला कागद वाचणारं कुणी राहिलं नाही. मी एकदा कौन्सिलचं पत्र घेऊन बसले, वाचायला लागले, तर ते म्हणाले, "राहू दे." एजंटचा फोन आला, एका मालिकेत आजोबांचं काम होतं, तीन दिवसांचं. नको म्हणाले. माझ्याशी वागणं बदललं नव्हतं. जेवलीस का, ड्यूटी किती वाजता, सगळं विचारायचे. फक्त त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही. मी खरं सांगितलं ते बरोबर केलं, असं एकदा त्यांनी म्हणावं म्हणून मी वाट बघत होते. हे कबूल करायला लाज वाटते, पण बघत होते.

मार्चमध्ये परीक्षावाल्यांचा फोन आला. त्यांनी दुसरी खोली देऊ केली, पाठदुखीची. मास्तर म्हणाले, माझी खोली माझीच. मी खूप समजावलं. त्यांनी सैल काडीचा चष्मा खिशात घातला आणि गेले.

चारच्या सुमाराला परतले तेव्हा मी भांडी घासत होते. कोट खुंटीला लागल्याचा आवाज आला. मी आकड्याची वाट पाहिली. तो आला नाही. ते येऊन टेबलाशी बसले, चष्मा अजून नाकावरच होता.

"कसं झालं?" मी न वळता विचारलं.

"एक मुलगी होती. मी विचारलं, जवळ कोण होतं? तर म्हणाली, मी होते. मी त्यांचा हात धरला होता, त्या शांत होत्या."

"कागदावर तसं नसतं."

"नसतंच."

"मग? दुसऱ्या दिवसाचं सांगितलंत तिला?"

"नाही. माझ्या हातात होते तेवढे सगळे मार्क दिले. परीक्षकांनी कापले असतील. कापायलाच हवेत."

नळ चालू होता. मला आधी संताप आला. वाटलं, म्हणावं, मास्तर, तुम्हीच तर शिकवलंत! तुम्ही शिकवलं नसतं तर मी तुम्हाला त्या दिवशी सगळं दिलं असतं, हात, पाणी, सगळं. मग संताप ओसरला आणि मला नुसतंच रडू यायला लागलं. खिडकीबाहेर हिरवा डबा दिसत होता. गुरुवार होता.

मी नळ बंद केला. पाठ त्यांच्याकडेच, हात साबणानं भरलेले. "मास्तर, त्या दिवशी एक सांगायचं राहिलं," मी म्हटलं. "ॲम्ब्युलन्सवरच्या बाईनं सांगितलेलं. काकू बोलल्या होत्या. दोनदा."

इथपर्यंत ते खरं होतं.

"काय बोलल्या?"

"तिला अर्थ नव्हता कळला. पण शब्द तिच्या लक्षात होता. तिनं मला म्हणून दाखवला." मी खिडकीकडे बघत होते. "अहो. दोनदा म्हणाल्या. अहो, अहो. आणि तिनं त्यांचा हात धरला होता."

मला समजलं की त्यांना समजलंय. त्यांना कळतंच. मी वळले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता आणि ते माझ्याकडे बघत होते.

"असं उभ्यानं नाही," ते म्हणाले. "आधी बस. मग सांग."

मी हात पुसले, खुर्ची त्यांच्यासमोर ओढली, बसले, आणि तो हात, ते दोनदा अहो, सगळं पहिल्यापासून सांगायला लागले.